जुनी गाडी चालता चालता बंद पडते? पार्ट बदलायच्या आधी हे करून पाहा

ज्याच्या दारात पंधरा-वीस वर्षं जुनी गाडी उभी आहे त्याला हे दुखणं सांगायची गरज नाही. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये लागते, वीस-पंचवीस किलोमीटर लोण्यासारखी जाते, आणि मग मधेच एखाद्या नाल्याच्या पुलावर नाहीतर कापसाच्या ट्रॅक्टरमागे असताना बंद. पंधरा मिनिटं झाडाखाली बसा, पुन्हा सेल्फ मारा, चालू, जसं काही झालंच नाही. गॅरेजला नेली तर तिथं तासभर उभ्यानं चालते आणि मिस्त्री म्हणतो, "भाऊ, इथं तं काहीच नाही होऊन राहिलं, आता मी काय पाहू?" त्याचंही बरोबर आहे, जी गोष्ट त्याच्यासमोर होतच नाही ती तो धरणार कशी. मग अंदाजानं पार्ट बदलणं सुरू होते आणि तिथंच आपला पैसा वाहून जातो.

माझी गाडी म्हणजे २००५ ची पेट्रोल व्हॅन, सीटखाली इंजिन असलेली. गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीच्या अलीकडं. भाजीपाला, बियाण्याच्या बॅगा, बाबांचा दवाखाना, पाहुण्यांचं लगन, सगळं तिच्यावरच. एप्रिल ते जुलै असे चार महिने ती मला रस्त्यात बसवत होती. त्या चार महिन्यांत टाकीतला पेट्रोल पंप बदलला, प्लगला ठिणगीचा करंट देणारी कॉइल बदलली, प्लग आणि प्लगच्या वायरी नव्या टाकल्या, फिल्टर बदलला, साडेनऊ हजार गेले आणि गाडी तशीच. शेवटी दोष निघाला चाबीच्या स्विचमागच्या एका पिनमध्ये, दुरुस्तीचा खर्च चारशेच्याही आत. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून राहिलो, कारण मी जे चार महिन्यांनी केलं ते पहिल्या आठवड्यात करता आलं असतं.

बाकी काही वाचा नका वाचा, एवढं नक्की लक्षात घ्या. असा लपाछपी खेळणारा दोष गॅरेजमध्ये सापडत नाही, तो गाडी बंद पडते त्या पहिल्या दोन मिनिटांत सापडतो. ती दोन मिनिटं आपण शिव्या देण्यात आणि सेल्फ मारण्यात घालवतो.

आधी जीव, मग गाडी

बंद पडली की क्लच दाबा आणि वेग असेपर्यंतच गाडी डाव्या कडेला घ्या. बूस्टर ब्रेकच्या गाडीत इंजिन बंद झाल्यावर एक-दोन वेळाच ब्रेक नरम लागतो, नंतर पाय पूर्ण जोरानं द्यावा लागते, म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून सोडू नका, एकदाच दाबून धरा. पॉवर स्टेअरिंग असेल तर ते जड होते. आणि गाडी पूर्ण थांबल्याशिवाय चाबी काढू नका, स्टेअरिंग लॉक होते. चिखलदऱ्याच्या नाहीतर मेळघाटातल्या सेमाडोहच्या रस्त्यावर हे झालं तर काय होईल ते सांगायला नको, अशी खोडी असलेली गाडी घाटात नेऊच नका. चाकाला दगड लावता तो निघताना उचलून बाजूला फेका हो, रात्री त्याच दगडावर कोणाची तरी मोटरसायकल जाते.

गाडी कशी मेली ते पाहा

दोन प्रकार आहेत. एक म्हणजे खटकन, जसं कोणी चाबीच फिरवली. मधे ना झटका ना खोकला. हा प्रकार बहुतेक वेळा करंटचा असतो, म्हणजे वायर, स्विच, रिले (थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारी डबी), कॉइल, सेन्सर, फ्यूज यांच्यापैकी कोणीतरी. दुसरा प्रकार म्हणजे गाडी आधी दम सोडते, रेस दिली तरी ओढत नाही, दोन-चार झटके मारते, मिसिंग करते आणि मग विझते, जसं रॉकेल संपत आलेल्या कंदिलाची वात फडफडून विझते. हा बहुतेक तेलाचा प्रकार, पेट्रोल नाहीतर डिझेल पोचून नाही राहिलं. शंभर टक्के असंच असते असं नाही, पण कुठून सुरुवात करायची एवढं यावरून ठरते आणि अर्धं काम तिथंच होते.

तिसरं एक आहे ते वेगळं ओळखा. चालताना काही नाही पण सिग्नलला, फाट्यावर, गेट बंद असलं की न्यूट्रलला गाडी डुगडुगते आणि बंद होते, रेस धरून ठेवली तर राहते. ते आयडलिंगचं दुखणं आहे. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत स्लो जेट मातीनं बुजतो, इंजेक्शनवाल्या गाडीत थ्रॉटल बॉडीत काळा कार्बन साचतो नाहीतर आयडल व्हॉल्व्ह अडकतो, आणि दोन्हीत व्हॅक्यूमची एखादी रबरी नळी तडकली की जास्तीची हवा शिरते. थ्रॉटल बॉडी स्प्रेनं साफ करणं आणि सगळ्या नळ्या हातानं वाकवून तडे पाहणं, एवढ्यात बहुतेकांचं भागते, त्यावर जास्त लिहीत नाही.

आता खटकन बंद होणाऱ्या गाडीसाठी सगळ्यात सोपी आणि फुकटची तपासणी सांगतो. चाबी चालू आणि इंजिन बंद, अशा वेळी मीटरमध्ये तेलाच्या बुधलीचा (म्हणजे इंजिन ऑइलचा) आणि बॅटरीचा असे दोन लाल दिवे लागतात. रोज सकाळी चाबी फिरवली की दिसतात तेच. गाडी रस्त्यात बंद पडली, तुम्ही क्लच दाबला, तर हे दिवे लागलेच पाहिजेत. क्लच दाबायला यासाठी सांगतो की गियरमध्ये चाकं इंजिनाला फिरवत राहतात आणि तेवढ्या वेळ दिवे लागत नाहीत. तर दिवे लागले म्हणजे चाबीपर्यंत आणि मीटरपर्यंत करंट आहे, दोष पुढं कॉइलकडं, सेन्सरकडं नाहीतर पेट्रोलकडं. दिवे लागलेच नाहीत, मीटर पूर्ण काळं, काटे पडलेले, म्हणजे करंट मागंच तुटला: बॅटरीचे टर्मिनल, मेन फ्यूज, चाबीचा स्विच, त्याच्यामागचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड. इतका मोठा फरक एका नजरेत कळते.

आणि हे मला कोणी सांगितलं? सातवीतल्या पुतण्यानं. अरुणावतीच्या पुलाजवळ गाडी बंद पडली, मी उतरून इंजिनाकडं जाऊन राहिलो होतो, तर हा आत बसून म्हणतो, "काका, आज तो लाल दिवाच नाही लागला ना." मी म्हटलं कोणता रे, तर म्हणे "तो तेलाच्या बुधलीवाला, सकाळी लागते तो." चार महिन्यांत मी एकदाही त्या मीटरकडं पाहिलं नव्हतं. माझं सगळं लक्ष पंप आणि कॉइलवर, कारण सगळ्यांनी तेच सांगितलेलं.

एक वही ठेवा

हे ऐकायला मास्तरकी वाटते पण करा. गाडीच्या कप्प्यात चाळीस पानी वही आणि पेन. प्रत्येक वेळी बंद पडली की लिहा: तारीख, वेळ, घरून किती किलोमीटर झाले, टाकीत किती पेट्रोल होतं, ऊन होतं की पाऊस, चढ होता की खड्डा, आणि त्या वेळी गाडीत काय काय चालू होतं, लाइट, पंखा, वायपर, गाणे, मोबाइलचा चार्जर. मग किती मिनिटांनी लागली आणि लागायच्या आधी तुम्ही काय केलं, बोनेट उघडलं, चाबी हलवली, टाकीचं झाकण काढलं, जे असेल ते.

मी वही उशिरा सुरू केली, जूनच्या शेवटी. तोपर्यंत जो भेटेल तो एकच सांगायचा, "उन्हाचं होते भाऊ, आपल्याकडं पारा पंचेचाळीसच्या वर जाते, माणसं नाही टिकत तिथं गाडी काय टिकंल." पटायचंही, चंद्रपूर-अकोल्याकडचा मे महिना ज्यानं पाहिला त्याला हे कारण खोटं वाटतच नाही. पण वहीतली तिसरी नोंद जुलैची होती, रात्री साडेआठ, रिपरिप पाऊस, हवा गार, स्वेटर घालावा अशी, आणि गाडी बंद. उन्हाची गोष्ट तिथंच संपली. सहा नोंदी झाल्या तेव्हा घरी बसून सगळ्या एकाखाली एक वाचल्या. पेट्रोल कधी अर्धं कधी पाऊण, किलोमीटर कधी बारा कधी चाळीस, काही मेळ नाही, पण सहाच्या सहा वेळा एक तर डॅशबोर्डवरचा छोटा पंखा चालू होता नाहीतर समोरचे फॉग लाइट. दिवसा पंखा, रात्री फॉग लाइट. हे डोक्यात राहिलं नसतं, कागदावर होतं म्हणून दिसलं.

दोन बल्बची युक्ती

वहीनं दिशा मिळते, पक्कं होत नाही. पक्कं करायला मी जे केलं ते कोणालाही जमेल, मल्टिमीटर नसला तरी. मीटरमध्ये असतात तसे १२ व्होल्टचे दोन छोटे बल्ब होल्डरसकट आणा, भंगारातल्या गाडीचे चालतात, आणि चार-पाच मीटर बारीक वायर. पहिल्या बल्बची एक वायर कॉइलच्या त्या टोकाला जोडा जिथं चाबी चालू केल्यावर १२ व्होल्ट येतात, म्हणजे पॉझिटिव्हला. दुसरं टोक गाडीच्या बॉडीला, रंग खरवडून उघड्या लोखंडाला. कॉइलच्या निगेटिव्हला आणि सेन्सरच्या, कॉम्प्युटरच्या वायरींना हात लावू नका, तिथं बल्ब लावला तर नवं नुकसान करून बसाल. दुसऱ्या बल्बची वायर पेट्रोल पंपाला करंट नेणाऱ्या वायरीला, टाकीजवळच्या कपलरच्या थोडं अलीकडं. दोन्ही वायरींत जोडाच्या अगदी जवळ दोन-तीन अँपिअरचा फ्यूज टाका, विसरू नका, नाहीतर वायर कुठं घासली तर आग लागेल, आणि टाकीजवळ ते परवडणार नाही. दोन्ही बल्ब डॅशबोर्डवर नजरेसमोर चिकटवा. मी एकाला लाल टेप लावली, ती कॉइलची, दुसऱ्याला पांढरी, ती पंपाची.

मग नेहमीसारखी गाडी चालवा आणि वाट पाहा. गाडी बंद पडत असताना दोन्ही बल्ब एकदम विझले तर दोष दोघांच्या सामाईक मार्गात, म्हणजे चाबी, मेन फ्यूज, मेन रिले. पांढरा आधी विझला आणि नंतर गाडी झटके खाऊन बंद झाली तर पंपाचा रिले, पंपाचा फ्यूज, नाहीतर ती वायर. फक्त लाल विझला तर कॉइलकडं जाणारी वायर. दोन्ही लागलेले आणि गाडी मात्र मेलेली, तर करंट पोचून राहिला आहे, मग खुद्द कॉइल आतून तुटते का, क्रँक सेन्सर (इंजिन फिरून राहिलं हे कॉम्प्युटरला सांगणारा) जातो का, की पंप फिरूनही पेट्रोल येत नाही, असं पुढं जायचं. एक गोष्ट लक्षात घ्या, इंजेक्शनच्या गाडीत इंजिन थांबलं की दोन-तीन सेकंदांनी कॉम्प्युटर स्वतःच पंप बंद करतो. म्हणून पांढरा बल्ब इंजिन बंद झाल्यानंतर विझला तर तो दोष नाही, आधी विझला तरच.

माझ्या गाडीत तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी यवतमाळहून येताना झालं. अंधार पडून राहिला होता, फॉग लाइट चालू, पुतण्या बाजूला बल्बांवर डोळे लावून बसलेला. लाल आणि पांढरा दोन्ही एका झटक्यात विझले, मीटरही काळं. क्लच दाबून गाडी कडेला घेतली, दिवे नाहीत. चाबीला हात न लावता स्टेअरिंगखाली हात घातला तर स्विचमागचा कपलर इतका तापलेला की बोट टेकवेना. थोडा दाबून हलवला आणि दोन्ही बल्ब लागले. सोडला, विझले. पुन्हा दाबला, लागले. मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर पांढऱ्या प्लास्टिकच्या कपलरमधलं एक भोक करपलेल्या दुधाच्या सायीसारखं तपकिरी झालेलं आणि जळक्या प्लास्टिकचा वास.

कारण असं होतं. आधीच्या मालकानं कधीतरी फॉग लाइट आणि पंखा बसवताना करंट सरळ चाबीच्या इग्निशनच्या वायरीतून घेतला होता, मधे रिले नाही. ५५ वॅटचे दोन फॉग लाइट म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टला नऊ अँपिअर. इतका जास्तीचा करंट त्या बारक्या पिनमधून वर्षानुवर्षं गेला. पिन तापते, तापली की तिची पकड ढिली होते, ढिली झाली की आणखी तापते, आणि एक दिवस गरम असताना जोड सुटतो. थंड झाली की प्लास्टिक आक्रसते, पिन पुन्हा टेकते, गाडी चालू. म्हणून पंधरा मिनिटं. शिवाय चाबीला घराच्या, गोदामाच्या, ट्रॅक्टरच्या अशा सात-आठ चाब्यांचा जुडगा लोंबायचा, तो प्रत्येक खड्ड्याला स्विच हलवायचा. ऑटो इलेक्ट्रिशियनकडून नवा कपलर आणि पिना लावून घेतल्या, फॉग लाइटला वेगळा रिले आणि बॅटरीवरून स्वतःचा फ्यूज. रिले चालवायला त्या नऊ अँपिअरच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकाच करंट लागते, चाबीवर भारच नाही. गाडीची चाबी आता एकटी असते.

तुमच्या गाडीत हेच असेल असं नाही. पण जुनी गाडी घेतली असेल तर आधी हे पाहा की मागच्या मालकानं काय काय जोडलं: गाण्याचा डेक, सेंट्रल लॉक, सायरन, आणि मुख्य म्हणजे गॅस किट. एलपीजीचं किट असलेल्या गाडीत पेट्रोल तोडणारा व्हॉल्व्ह, बदलायचा स्विच आणि त्यांचे जोड हे सगळं इग्निशनमधूनच घेतलेलं असते, आणि नुसत्या टेपनं गुंडाळलेला जोड चार पावसाळ्यांत हिरवा पडतो.

तेलाचा दोष असला तर

गाडी खोकून, दम सोडून बंद पडत असेल तर पहिलं काम म्हणजे टाकीचं झाकण उघडणं. उघडताना आत हवा ओढल्याचा फुस्स आवाज आला आणि लगेच गाडी लागली तर टाकीला श्वास घ्यायची जागा बुजली आहे. पेट्रोल संपत जाते तशी टाकीत हवा यायला पाहिजे, नाही आली तर आत ओढ तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. आपल्याकडं यात धूळ असतेच, पण कुंभारमाशी मातीचं घर करून बारीक नळी पूर्ण लिंपून टाकते, महिना-दोन महिने उभ्या असलेल्या गाडीत हे नक्की पाहा. खात्री करायला आठ दिवस झाकण थोडं सैल ठेवून चालवा, पण टाकी काठोकाठ भरलेली असताना नको.

कार्ब्युरेटरची गाडी असेल तर एक सुंदर तपासणी आहे. गाडी बंद पडली की इंजिन बंद ठेवूनच एअर फिल्टर काढा, वरून कार्ब्युरेटरमध्ये पाहा आणि हातानं एकदा अॅक्सिलरेटर ओढा. पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे, मग करंटकडं वळा. पिचकारी नाही म्हणजे वाटी कोरडी, पंप, फिल्टर, सुई नाहीतर टाकीची जाळी. जवळ कोणी बिडी ओढत असेल तर आधी त्याला लांब पाठवा, हे मी मनापासून सांगतो, आणि तोंड वाकवून थेट वर उभं राहू नका. उन्हाळ्यात दुपारी चढावर वाटी कोरडी पडली तर नळीत पेट्रोलची वाफ झालेली असू शकते. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवा, पाच मिनिटांत लागली तर तेच. नळी एक्झॉस्टच्या किती जवळून गेली ते पाहून तिला लांब बांधा, हा कायमचा इलाज.

टाकीतला पंप असलेल्या गाडीत चाबी चालू केल्याबरोबर दोन सेकंद मागून गुं असा आवाज येते, तो ओळखीचा करून घ्या. रस्त्यात बंद पडल्यावर तो आवाज आला नाही तर टाकीला खालून हाताच्या तळव्यानं दोन-चार थापा मारा आणि पुन्हा चाबी फिरवा. आवाज आला, गाडी लागली, म्हणजे पंप अडकायला लागला आहे, सरळ घरी जा आणि बदला. पण आवाज नाही म्हणून लगेच पंप घेऊ नका, त्याला करंट येते का ते पांढरा बल्ब सांगंल.

पेट्रोलचंही बोलतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशात वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल विकायला सुरुवात झाली आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळते. जुन्या गाड्यांचे रबर, गॅस्केट या मिश्रणासाठी बनलेले नव्हते. नळी हातात घेऊन दाबून पाहा, चिकट लागली, फुगली, नाहीतर वाकवल्यावर तडे दिसले तर बदला, मीटरभर नळीला फार पैसे लागत नाहीत. इथेनॉल पाणी धरते आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून पेट्रोलापासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि पंप तिथूनच ओढतो. पावसाळ्यात उघड्या कॅनमधलं पेट्रोल ओतत असाल तर ते बंद करा. शंका आली तर पारदर्शक बाटलीत पेट्रोल काढून पंधरा मिनिटं स्थिर ठेवा, खाली वेगळा थर दिसला की समजलं.

गरम झाल्यावरच जाणारे पार्ट

कॉइलच्या, आणि बऱ्याच गाड्यांत क्रँक किंवा कॅम सेन्सरच्याही, पोटात बारीक तारेची गुंडाळी असते. आतून तार तुटायला आली की थंड असताना टोकं टेकलेली राहतात, गरम झाली की सुटतात. म्हणून थंड गाडीवर मीटर लावून "कॉइल ठीक आहे" म्हणणं काही कामाचं नाही, बंद पडलेल्या क्षणी मोजा. रस्त्यातली सोपी पद्धत म्हणजे ओलं फडकं फक्त कॉइलवर ठेवायचं, सेल्फ मारायचा. नाही लागली तर मग सेन्सरवर. ज्याला गार केल्यावर लगेच लागली तो चोर. तापलेल्या इंजिनावर बादलीनं पाणी ओतू नका, ब्लॉक नाहीतर हेड तडकंल. सोबत एक जादा प्लग ठेवला तर स्पार्कही पाहता येते: प्लगच्या वायरीला लावा, प्लगचं लोखंड इंजिनाला घट्ट टेकवा, दुसऱ्याला सेल्फ मारायला लावा. निळा कडक स्पार्क म्हणजे करंट ठीक, काहीच नाही म्हणजे करंट गेला. पेट्रोलचा वास येत असेल तर ही तपासणी करू नका, आणि प्लग उघड्या हातानं धरू नका.

स्कॅनर लावा म्हणणारे बरेच भेटतील. २०१० च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांना बाजारातला साधा ब्लूटूथवाला स्कॅनर लागतच नाही, आणि लागला तरी अशा ढिल्या पिनेचा कोड बहुतेक वेळा येत नाही.

बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंग हे सगळ्यात आधी करायचं, मी सांगतो शेवटी कारण याला पाच मिनिटं लागतात. टर्मिनल हातानं फिरले तर ढिले आहेत. पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुवा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनाला जाड पट्टी असते, ती खोला, पॉलिश पेपरनं दोन्हीकडं चकचकीत करा, परत आवळा. मीटर असेल तर सेल्फ मारताना बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यात व्होल्ट मोजा, ०.२ च्या आसपास ठीक, अर्ध्याच्या वर गेला तर पट्टी खराब. मग अंधारात, इंजिन चालू ठेवून, लाकडी दांड्यानं एकेक वायरीचा जुडगा हलवत जा. ज्या जागी गाडी अडखळली ती जागा खडूनं खूण करून ठेवा. तुरीच्या, सोयाबीनच्या पोत्यांजवळ गाडी लावत असाल तर उंदरांनी कुरतडलेली वायर नक्की शोधा, माझ्याकडं एकदा एअर फिल्टरच्या डब्यात सरकीचं आणि कापसाचं पूर्ण घरटं निघालं होतं.

डिझेल जीपवाल्यांसाठी

जुन्या डिझेलला स्पार्क प्लग नाही, कॉइल नाही, म्हणून तिथं गोष्ट वेगळी. शेजारच्या काकांची जीप चढावर दम सोडून बंद व्हायची, फिल्टरवरचा हातपंप मारला की पुन्हा लागायची. हातपंपानं लागते याचा अर्थ दोष टाकीपासून पंपापर्यंतच्या ओढणाऱ्या बाजूत. तिथं नळीला भोक असलं तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते, म्हणून खाली थेंबही दिसत नाही आणि माणूस फसतो. आम्ही फिल्टरच्या आधी हातभर पारदर्शक नळी टाकली, डिझेल चालणारी. इंजिन चालू केल्यावर त्यातून बुडबुड्यांची माळ जाताना दिसली. मग टाकीकडून एकेक जोड आवळत आलो, तिसऱ्या जोडाचा क्लॅम्प आवळला आणि माळ थांबली. बुडबुडे नसतील आणि हातपंप जड ओढत असेल तर टाकीची जाळी नाहीतर फिल्टर बुजला आहे. फिल्टरखालची चाकी सैल करून पाणी काढत जा, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी. खटकन बंद होत असेल तर पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची (चाबी बंद केल्यावर डिझेल तोडणाऱ्या व्हॉल्व्हची) वायर पाहा, चाबी चालू-बंद केल्यावर तिथून टक आवाज यायला पाहिजे.

दुरुस्ती झाल्यावर बल्ब लगेच काढू नका. मी तीन आठवडे तसेच ठेवले आणि मुद्दाम तोच रस्ता, तीच वेळ, फॉग लाइट आणि पंखा दोन्ही चालू, पाठीमागं तेवढाच माल, असं चालवलं. दोन्ही बल्ब एकदाही लुकलुकले नाहीत तेव्हाच वायरी काढल्या आणि गुंडाळून सीटखालच्या डब्यात ठेवल्या. मागच्या महिन्यात त्याच वायरी दिग्रसच्या मेव्हण्याच्या गाडीला लावल्या, तो नवा पंप घ्यायला निघाला होता. तिच्यात पांढरा आधी विझला. रिलेवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं टिचकी मारली की लागायचा, दुसरी मारली की विझायचा. रिले बदलला, पंप जुनाच आहे.